वाढ थांबण्याआधी पूर्ण सांगाडा पाहा

प्रति,
बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ सहकारी यांस,

सस्नेह नमस्कार.

लहान मुलांच्या हाडांचे एक्स-रे वाचणे हे माझे रोजचे काम. त्या कामातून मनात साठत गेलेली एक मागणी आज उघडपणे तुमच्यापुढे ठेवते आहे. एखाद्या मुलाची उंची वयाच्या मानाने फारच कमी आहे, हातपाय धडाच्या मानाने आखूड आहेत, ते डुलत चालते, पाय वाकलेत किंवा क्षुल्लक कारणाने हाडे मोडतात, असे दिसले तर त्याच्या पूर्ण सांगाड्याचे एक्स-रे काढा. आणि ते त्याची वाढ सुरू असतानाच काढा. मनगटाचा एकच एक्स-रे काढून ‘हाडांचे वय कमी’ असा शेरा मारला की तपासणी झाली, असे कृपया समजू नका.

अस्थिवाढीच्या आनुवंशिक विकारांचे निदान राहून जाते ते बहुतेक वेळा योग्य वयातला योग्य एक्स-रे कुणी काढलेलाच नसतो म्हणून, असे माझे ठाम मत आहे. ज्ञान पुस्तकांत आहे, तज्ज्ञांना विचारताही येते. पण दोन वर्षांच्या वयात न काढलेला एक्स-रे विसाव्या वर्षी कुठून आणायचा?

वाढत्या हाडाची रचना तुम्हाला ठाऊकच आहे. टोकाला एपिफिसिस, त्याला लागून वाढीची कूर्चाचकती, चकतीपलीकडे दांड्याचा रुंदावलेला भाग म्हणजे मेटाफिसिस. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तिच्या जागी तयार होणारे हाड दिसते, आणि त्या हाडाच्या कडांवरून कूर्चेत काय बिनसले आहे हे ताडावे लागते. टोकाचे हाड उशिरा उमटले आहे का? उमटले तर ते लहान आणि ओबडधोबड आहे का? मेटाफिसिसची कड विसविशीत झाली आहे का? मणके चपटे आहेत का, आणि चपटे असतील तर कुठल्या भागात? बिघाड एपिफिसिसमध्ये आहे, मेटाफिसिसमध्ये आहे, मणक्यांत आहे की सगळीकडे आहे, एवढे नीट सांगता आले तरी शेकडो नावांची यादी मूठभरांवर येते. पण मूल वयात आले, चकत्या भरून निघाल्या, टोक आणि दांडा एकजीव झाले की हे प्रश्न विचारायची जागाच उरत नाही. मग तिशीतल्या माणसाच्या एक्स-रेत दिसतो झिजलेला खुबा आणि वाकडा गुडघा. त्यावरून ‘अकाली सांधेझीज’ एवढेच लिहिता येते, आणि ती वेगवेगळ्या विकारांच्या शेवटी सारखीच दिसते.

स्यूडोअकॉन्ड्रोप्लेशिया या उंची खुंटवणाऱ्या आनुवंशिक विकाराचे उदाहरण घ्या. बाळ जन्मते तेव्हा त्याची लांबी नेहमीसारखी असते, चेहरा नेहमीसारखा असतो, कवटीही. शंका घ्यायला काही कारणच नसते. मूल चालू लागले की चाल डुलती दिसते, आणि दुसऱ्या वर्षाच्या आसपास उंची मागे पडते. या वयात मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे पाहिला तर प्रत्येक मणक्याच्या पुढच्या कडेला मधोमध जिभेसारखा एक उंचवटा बाहेर आलेला दिसतो. जोडीला खुब्यांची आणि गुडघ्यांची टोके बारीक, मेटाफिसिस पसरट आणि वेडेवाकडे. हे सगळे एकत्र दिसले की निदान जवळपास हातात येते. मात्र हा उंचवटा राहत नाही. किशोरवयापर्यंत मणके भरून येतात आणि पुष्कळसे नेहमीसारखे दिसू लागतात. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा एक्स-रे काढला तर सर्वांत बोलका पुरावा गेलेला असतो, आणि ते मूल उगीचच दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात जाऊन बसते.

कॉन्ड्रोडिसप्लेशिया पंक्टाटा, म्हणजे कूर्चेत ठिपके दिसणारे विकार, यांत तर वेळ याहूनही कमी. तान्ह्या बाळाच्या एपिफिसिसवर, घोट्याच्या कूर्चेत, मणक्यांच्या आसपास कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसतात. वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते विरून जातात. हे ठिपके पेशीतल्या पेरॉक्सिसोम या सूक्ष्म घटकाच्या बिघाडाने येतात, एक्स गुणसूत्राशी निगडित विकारांत येतात, आणि आईने गरोदरपणात रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेतले असेल, तिला ल्युपस हा स्वप्रतिकार विकार असेल किंवा जीवनसत्त्व ‘के’ची कमतरता झाली असेल तरीही येतात. म्हणजे पुढच्या अपत्याबद्दल आईवडिलांना काय सांगायचे ते सगळे यावर ठरते. आणि सुरुवात होते ती पावलाच्या एका एक्स-रेपासून, जो काढायला काही मिनिटे पुरतात.

याच्या उलट, काही विकारांत जे दिसत नाही तेच महत्त्वाचे ठरते. पूर्ण दिवसांच्या बाळात घोट्यातले टॅलस हे हाड आणि टाचेचे हाड दिसायला हवे, मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाला एपिफिसिसचा ठिपका उमटलेला हवा, पेल्विसमध्ये, म्हणजे कटिभागात, पुढची प्युबिक हाडे हवीत. ती दिसत नसतील आणि मणके पेर या फळाच्या आकाराचे असतील, तर जन्मजात स्पॉन्डिलोएपिफिसिअल डिसप्लेशिया, म्हणजे मणके आणि हाडांच्या टोकांचा विकार, मनात यायलाच हवा. हा टाइप २ कोलॅजेन या कूर्चेतल्या प्रथिनाचा विकार. याच कोलॅजेनवर डोळ्याचा पारदर्शक गाभाही अवलंबून असतो, म्हणून या मुलांना तीव्र मायोपिया (लघुदृष्टी) होतो, पडदा सुटण्याचा धोका असतो. नवजात बाळाच्या पायाच्या एक्स-रेवरून त्याची दृष्टी वाचवायला वेळेत नेत्रतज्ज्ञांकडे पाठवता येते, याचे मला इतकी वर्षे काम करूनही अप्रूप वाटते.

तंत्रज्ञ मित्रांनो, पुढचे तुमच्यासाठी आहे. पूर्ण सांगाडा म्हणजे एकाच मोठ्या फिल्मवर सगळे बाळ बसवणे नव्हे. तसे केले की किरण तिरपे पडतात आणि मणके, सांधे, बोटे यांपैकी काहीच धड दिसत नाही. कवटी समोरून आणि बाजूने. मानेसकट पूर्ण मणका समोरून आणि बाजूने. छाती, म्हणजे बरगड्या आणि गळ्याची हाडे दोन्ही टोकांपर्यंत. दोन्ही खुब्यांसह पेल्विस. एक पूर्ण हात, एक पूर्ण पाय, दोन्ही गुडघे, आणि डावा पंजा मनगटासह. दोन्ही बाजूंत फरक वाटला तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय घ्या. बाजूने काढलेला मणका कंबरेपाशी कापला गेला असेल तर तो पुन्हा काढलेला बरा, कारण म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिससारख्या साठवणुकीच्या विकारांत मणक्याची चोच नेमकी कंबरेच्या वरच्या मणक्यांतच शोधायची असते. चोच मणक्याच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर त्यांतल्या हर्लर या प्रकाराकडे बोट जाते, मधोमध असेल तर मॉर्कियो या प्रकाराकडे.

किरणांची भीती आईवडील बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही. पण प्रमाण सांगायला हवे. छातीच्या एका एक्स-रेचा डोस निसर्गातून काही दिवसांत आपल्याला मिळणाऱ्या किरणांइतका असतो, हातापायांचा त्याहूनही कमी. मणका आणि पेल्विसचा जास्त असतो, तरी नीट काढलेला पूर्ण संच पोटाच्या एका सीटी स्कॅनच्या पुष्कळ खाली राहतो. वर्षानुवर्षे चुकीच्या जागी सुटे सुटे एक्स-रे काढत राहण्यापेक्षा एकदा विचार करून काढलेला संच मुलाला कमीच किरण देतो.

चुकीच्या नावांबद्दल आता स्पष्ट बोलते. पाय वाकलेले आणि मेटाफिसिस विसविशीत दिसले की हात आपोआप ‘मुडदूस’ लिहितो. मुडदूस असतोही पुष्कळदा. पण जीवनसत्त्व ‘ड’ पुरेसे देऊनही हाड भरत नाही, रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम तिन्ही ठीक आहेत, मणके चांगले आहेत, तर श्मिड प्रकारचा मेटाफिसिअल विकार असू शकतो. त्याला जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही. फॉस्फरस कमी असेल तर एक्स गुणसूत्राशी निगडित हायपोफॉस्फटेमिया आठवा. त्यासाठी बुरोसुमॅब हे औषध २०१८ पासून उपलब्ध आहे. आणि अल्कलाइन फॉस्फटेज कमी असेल तर थांबा. मुडदुसात ते वाढते. ते कमी असणे हे हायपोफॉस्फटेशियाचे लक्षण आहे, आणि तिथे कॅल्शियम व जीवनसत्त्व ‘ड’ भरभरून दिले तर तान्ह्या बाळाच्या रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. प्रयोगशाळा अहवालात मोठ्या माणसांची मर्यादा छापत असेल तर मुलाचा कमी आकडाही ठीक वाटतो. वयानुसार मर्यादा पाहायची सवय लावून घेतली नाही तर २०१५ मध्ये मान्यता मिळालेले अस्फोटेज अल्फा हे औषध या मुलांपर्यंत पोहोचणारच नाही.

दोन्ही खुब्यांचे गोळे चपटे दिसले की ‘पर्थेस’, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने खुब्याचा गोळा बिघडण्याचा आजार, असे लिहून मोकळे होणे ही दुसरी सवय. पर्थेस बहुधा एका बाजूला होतो. दोन्ही बाजूंना झालाच तर सहसा एक खुबा पुढच्या टप्प्यात असतो आणि दुसरा मागच्या. दोन्ही गोळे हुबेहूब सारखे चपटे असतील तर गुडघे, घोटे आणि मनगट पाहिल्याशिवाय सही करू नका. तिथेही टोके लहान असतील तर हा मल्टिपल एपिफिसिअल डिसप्लेशिया, म्हणजे अनेक हाडांच्या टोकांचा आनुवंशिक विकार, असण्याची शक्यता मोठी. काही मुलांत गुडघ्याची वाटी बाजूच्या एक्स-रेत दुहेरी थराची दिसते, आणि त्यावरून अप्रभावी आनुवंशिकतेच्या, म्हणजे आईवडील दोघांकडून बदल आल्यावर होणाऱ्या, प्रकाराची शंका घेता येते. खुब्यापुरताच एक्स-रे काढला तर यातले काहीच कळत नाही, आणि शस्त्रक्रियेचा बेत मात्र ठरून जातो.

पण मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते संधिवात समजून वर्षानुवर्षे औषधे घेतलेल्या मुलांबद्दल. प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेशियात साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात बोटांचे सांधे जाड होतात, आखडतात, मूल लवकर दमते, चालणे जड होते. लहान मुलांचा संधिवात असे नाव पडते. स्टेरॉइड सुरू होतात, मेथोट्रेक्सेट सुरू होते, फरक पडत नाही म्हणून डोस वाढतो. खरे तर या सांध्यांत दाह नसतोच. रक्तातले दाहाचे आकडे ठीक असतात, सांधा गरम नसतो, जाड झालेले असते ते हाडाचे टोक. पंज्याच्या एक्स-रेत ही रुंद टोके दिसतात, आणि मणक्याच्या बाजूच्या एक्स-रेत चपटे मणके दिसतात, जे संधिवातात दिसायचे कारण नाही. पाठ दुखत नाही म्हणून पाठीचा एक्स-रे काढलेलाच नसतो. ज्या मुलाचा संधिवात औषधाला दाद देत नाही आणि ज्याचा ईएसआर (रक्तातला दाहाचा आकडा) वाढलेला नाही, त्याच्या पाठीचा एक्स-रे काढा, ही माझी विशेष विनंती आहे.

पायाच्या अंगठ्याचेही सांगून टाकते. जन्मतःच दोन्ही अंगठे आखूड आणि बाकीच्या बोटांकडे वळलेले असतील तर फायब्रोडिसप्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हाची शंका घ्या. याचे जनुक २००६ साली सापडले. या विकारात पुढे पाठीवर, मानेवर गाठी येतात, आणि त्या गाठीचा तुकडा तपासायला काढला किंवा स्नायूत इंजेक्शन दिले तर तिथेच नवे हाड तयार होऊ शकते. गाठीवर सुरी ठेवण्याआधी पायाचा एक्स-रे पाहायला हवा.

भूलतज्ज्ञ हे पत्र वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढेच. मॉर्कियो आणि टाइप २ कोलॅजेनच्या विकारांत मानेच्या दुसऱ्या मणक्याचा सुळका अपुरा वाढलेला असतो. नळी घालण्यासाठी मान मागे वाकवली आणि मणके सरकले तर मज्जारज्जू चिरडला जाऊ शकतो. मान वाकवून आणि ताठ करून बाजूने काढलेले दोन एक्स-रे भूल देण्याआधी मागा, शस्त्रक्रिया कानाची असली तरी.

आता नेहमीचा आक्षेप. जनुकचाचणी सगळीकडे पोहोचते आहे, रक्त पाठवले की उत्तर येते, मग एक्स-रे वाचण्याचा हा खटाटोप कशाला? १९६९ साली पॅरिसमध्ये या विकारांची पहिली आंतरराष्ट्रीय नामावली ठरली तेव्हा बहुतेक विकार एक्स-रे आणि रुग्णतपासणी यांवरूनच वेगळे केलेले होते. २०२३ च्या नामावलीत ४१ गटांत ७७१ विकार आहेत आणि ५५२ जनुके. जनुकांचे हे यश मोठेच आहे. पण चाचणीचा अहवाल कित्येकदा म्हणतो, ‘बदल सापडला, अर्थ अनिश्चित’. तो अर्थ निश्चित करतो कोण? त्या जनुकाच्या विकारात हाडे जशी दिसायला हवीत तशी या मुलाची दिसतात का, हे पाहणारा. शिवाय नुसत्या जनुकाच्या नावावरून मुलाचे भविष्य सांगता येत नाही. एसएलसी२६ए२ या एकाच जनुकातल्या बदलांनी जन्मापाशीच दगावणारे बाळही होते आणि मोठेपणी थोडे खुबे दुखणारा, बाकी धडधाकट माणूसही होतो. एफजीएफआर३ हे जनुकही तसेच. जन्मापाशीच प्राण घेणारा थॅनॅटोफोरिक डिसप्लेशिया, हातपाय आखूड ठेवणारा अकॉन्ड्रोप्लेशिया आणि त्याहून सौम्य हायपोकॉन्ड्रोप्लेशिया हे तिन्ही त्यातून येतात. मूल या पट्ट्यात कुठे बसते हे त्याचा सांगाडा सांगतो. आणि चाचणीत काहीच सापडले नाही, तर कुठे शोधायचे राहून गेले हेही सांगाड्यावरूनच कळते.

अकॉन्ड्रोप्लेशिया सगळ्यांना ओळखता येतो, असे आपण धरून चालतो. ठळक रूप ओळखता येते. कंबरेच्या मणक्यांत वरून खाली जाताना पेडिकलमधले, म्हणजे मणक्याच्या दोन बाजूंच्या खांबांमधले, अंतर वाढायला हवे, ते इथे कमी होत जाते. कंबरेचे पसरट इलियाक हाड चौकोनी, खुब्याचे छत आडवे, तान्ह्या बाळाच्या मांडीच्या हाडाचे वरचे टोक पारदर्शक आणि लंबगोल. हायपोकॉन्ड्रोप्लेशियात हीच चिन्हे इतकी पुसट असतात की मोजल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून पेडिकलमधले अंतर डोळ्यांनी न ठरवता मोजा. अकॉन्ड्रोप्लेशियाच्या सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सरासरी उंचीचे असतात, बदल त्या मुलातच नवा झालेला असतो. त्यामुळे ‘घरात कुणी असे नाही’ या वाक्याने शंका सोडून देऊ नका. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले वोसोरिटाइड हे औषध वाढीच्या चकत्या उघड्या असतानाच उपयोगी पडते. त्याहून तातडीचे म्हणजे, कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्यामुळे पहिल्या दोन वर्षांत श्वास थांबून बाळ अचानक दगावण्याचा धोका असतो. निदान झालेले असेल तरच त्या छिद्राकडे कुणी लक्ष देईल.

अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना एक आग्रहाचे सांगणे. ‘ड्वार्फ’, ‘खुजेपणा, आनुवंशिक असावा’ असे शेरे लिहू नका. ते कागद आईवडील वाचतात, मोठे झाल्यावर ते मूलही वाचते, आणि पुढच्या डॉक्टरला त्यातून काहीही कळत नाही. नाव सुचत नसेल तर नाव देऊ नका, पण जे दिसते ते लिहा. दंड आणि मांडी आखूड आहेत की पुढचा हात आणि पोटरी? एपिफिसिस कुठे कुठे उशिरा आले? मणक्यांची उंची, आकार, मागची कड? कवटीच्या सांध्यांत जादा छोटी हाडे आहेत का? वारंवार मोडणाऱ्या हाडांच्या बाळात हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा, कारण ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा ठिसूळ हाडांचा विकार निदानातून सुटला तर निरपराध पालकांवर मारहाणीचा संशय येतो, आणि तो उगीच लावला तर खरोखर मार खाणारे मूल त्याच घरी परत जाते. एका एक्स-रेत उत्तर मिळाले नाही तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पाहू असे लिहा आणि तारीख द्या. मुलाचे सगळे एक्स-रे मूळ डिजिटल स्वरूपात पालकांच्या हाती द्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागू नका, त्यात मेटाफिसिसची कड दिसत नाही.

शेवटची विनंती प्रसूतितज्ज्ञांना आणि नवजात शिशू विभागाला. जे बाळ पोटातच किंवा जन्मल्याबरोबर गेले, ज्याची छाती अरुंद होती आणि हातपाय आखूड, त्याच्या आईवडिलांना त्या घडीला काही विचारणे किती कठीण असते हे मला माहीत आहे. तरीही विचारा. समोरून आणि बाजूने, पूर्ण शरीराचे दोन एक्स-रे. इतक्या लहान शरीरात, जिथे हालचालीचा आणि किरणांच्या डोसाचा प्रश्न उरलेला नाही, तेवढे पुष्कळ सांगून जातात. मांडीची हाडे टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी वाकलेली आणि मणके अगदी चपटे असतील तर तो थॅनॅटोफोरिक डिसप्लेशिया. बदल नवा असतो आणि पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता फार कमी असते. बरगड्या आखूड आणि आडव्या असतील तर तो आखूड बरगड्यांच्या विकारांपैकी एक. तो अप्रभावी आनुवंशिकतेचा असतो आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. सोनोग्राफीच्या कागदावर दोन्ही बाळांसाठी ‘हाडांची वाढ खुंटलेली, जगण्याची शक्यता नाही’ असेच लिहिलेले असू शकते. परवानगी मिळाली तर डीएनएसाठी थोडी त्वचा किंवा नाळेचा तुकडाही राखून ठेवा, आणि अहवाल आईच्या केसपेपरला जोडा. काही महिन्यांनी ते जोडपे ‘पुन्हा असेच होईल का?’ असे विचारायला येईल, तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या हातात हे दोन एक्स-रे असले पाहिजेत.

आपली नम्र,
मुलांच्या हाडांचे एक्स-रे वाचणारी एक सहकारी